चेंबरला मार बसला तर...

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मागच्या वर्षी पोळा होऊन चार-सहा दिवस झाले असतील. संध्याकाळी गॅरेज बंद करायच्या वेळेला फोन वाजला. आवाज ओळखीचा होता. सेनगाव तालुक्यातल्या एका गावी राहणारे आमचे गुरुजी. चौथीत मला त्यांनी शिकवलं आहे, त्यामुळे आज माझे केस पांढरे झाले तरी ते मला ‘अरे’च म्हणतात.

‘अरे, गाडी नुसतीच रेस घेते, पण उचलत नाही. भावकीतला पोरगा ट्रॅक्टर घेऊन आलाय. दोर बांधून हिंगोलीपर्यंत ओढत आणतो. तू गॅरेज उघडं ठेव.’

मी म्हणालो, ‘गुरुजी, आधी तो दोर सोडायला सांगा. गाडी बंद करा आणि आहे तिथंच राहू द्या. मीच येतो.’

गुरुजींना माझं वागणं थोडं विचित्र वाटलं असणार. आपल्याकडे गाडी बंद पडली की दोन उपाय ठरलेले आहेत. पहिला धक्का मारायचा आणि दुसरा ट्रॅक्टरला बांधायचा. पण गुरुजींची गाडी ऑटोमॅटिक आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून त्यांनी ही जुनी ऑटोमॅटिक गाडी मुद्दाम शोधून घेतली. दर महिन्याला बाईंना दवाखान्यासाठी नांदेडला न्यावं लागतं. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत त्या गाडीनं दोघं जातात आणि मुक्कामाला घरी येतात. म्हणजे ती गाडी त्यांच्यासाठी हौसेची नाही, गरजेची आहे.

मी तिथं पोचल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘गुरुजी, खालून कुठं काही लागलं होतं का?’

ते जरा आठवून म्हणाले, ‘परवा शेताच्या वाटेवर एक धोंडा लागला होता. मोठा आवाज झाला. पण गाडी चांगली चालत होती, म्हणून मी काही लक्ष दिलं नाही.’

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते या ‘परवा’ आणि ‘आज’ यांच्या मधल्या दोन दिवसांबद्दल. धोंड्यानं गाडीचं जेवढं नुकसान केलं, त्यापेक्षा जास्त नुकसान त्या दोन दिवसांनी केलं.

क्लच नाही, मग आहे काय?

ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाशी क्लच नसतो. मग इंजिनची ताकद चाकांपर्यंत जाते कशी? घरात दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्यानं समोरचा बंद पंखाही फिरायला लागतो. दोघांत दांडा नाही, पट्टा नाही, फक्त वारा आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तोंडाशी जो टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात साधारण हेच होतं. फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही ते यामुळेच.

पण तेलाचं काम इथं संपत नाही. गिअरबॉक्समध्ये क्लचच्या पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. पहिला गिअर, दुसरा गिअर पडतो म्हणजे त्यातल्या ठरावीक चकत्या तेलाच्या दाबानं एकमेकींवर घट्ट दाबल्या जातात. शिवाय हेच तेल गिअर आणि बेअरिंगला वंगण देतं, आतली उष्णता बाहेर नेतं आणि झिजेचा कचरा वाहून खाली आणतं. इंजिन ऑइलवर एवढी कामं नसतात. म्हणून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निराळंच असतं. त्याला आम्ही एटीएफ म्हणतो. बहुतेक वेळा त्याचा रंग लाल असतो. तेच तेल अनेक गाड्यांच्या पॉवर स्टीअरिंगमध्येही पडतं, म्हणून काही ठिकाणी त्याला ‘स्टीअरिंगचं लाल तेल’ असंही म्हणतात.

मोठ्या संख्येनं विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनं आणला. त्याचं नाव हायड्रामॅटिक. १९४० सालच्या ओल्डस्मोबिल गाड्यांत तो बसवला होता. पुढे कित्येक वर्षं या तेलात स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाचं तेल मिसळत असत. चकत्या एकमेकींना पकडताना हिसका बसू नये, हे काम ते तेल फार चांगलं करायचं. १९७०च्या सुमारास अमेरिकेत या देवमाशांना संरक्षण मिळालं, तेव्हा कंपन्यांना त्याच्या जागी दुसरी रसायनं शोधावी लागली. सांगायचा मुद्दा असा, की हे साधं वंगण नाही. ‘कुठलंही लाल तेल ओतलं तरी चालतं’ हा समज सोडून द्या.

चेंबर म्हणजे काय?

आता हे तेल साठतं कुठं? गिअरबॉक्सच्या तळाशी चहूबाजूंनी बोल्ट लावून एक उथळ परात बसवलेली असते. पुस्तकात तिला ऑइल पॅन म्हणतात. आपल्याकडे ड्रायव्हरपासून मिस्त्रीपर्यंत सगळे तिला ‘चेंबर’ म्हणतात. ‘चेंबर फुटलं’ हे शब्द ऐकले नाहीत असा ड्रायव्हर आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही. पण एक लक्षात ठेवा. इंजिनला चेंबर असतं तसं बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सलाही वेगळं चेंबर असतं. दोन्ही गाडीच्या पोटाखाली शेजारी-शेजारी असतात. घाईत इंजिनचा समजून गिअरबॉक्सचा नट खोलला, लाल तेल सांडून गेलं आणि वरून इंजिनमध्ये मात्र जादा तेल भरलं, असे प्रकार घडतात. म्हणून गाडी कुठंही सर्व्हिसिंगला द्या, ‘ही ऑटोमॅटिक आहे’ हे तोंडानं सांगा.

बऱ्याच गाड्यांत हे चेंबर पातळ पत्र्याचं असतं, काहींत ॲल्युमिनियमचं, तर काही महागड्या गाड्यांत चक्क प्लॅस्टिकचं. आत तळाला एक-दोन लोहचुंबक ठेवलेले असतात. झिजलेल्या लोखंडाचा बारीक चुरा त्यांना चिकटून राहतो. चेंबरच्या वर अगदी थोड्या अंतरावर फिल्टर असतो. त्याचं तोंड खाली असतं आणि त्यातून पंप तेल ओढतो. घागरीतलं पाणी नळीनं ओढायचं असेल तर नळीचं तोंड तळाच्या जवळ हवं, पण तळाला टेकता कामा नये. टेकलं तर पाणी येणार नाही. अगदी तसंच.

आता गुरुजींच्या धोंड्याकडे या. धोंड्यानं चेंबर फुटलं नाही. ते आत दबलं. पत्रा वर सरकला आणि फिल्टरच्या तोंडाला जवळजवळ टेकला. तेल होतं, पण पंपाला ते पुरेसं ओढता येईना. वर एका कोपऱ्यात गॅस्केट सुटून थेंब थेंब गळतीही सुरू झाली. दाब कमी पडला, म्हणून चकत्या घट्ट बसेनात. त्या एकमेकींवर घसरायला लागल्या. घसरलं की उष्णता, उष्णता वाढली की तेल करपतं, तेल करपलं की चकत्या आणखी घसरतात. दोन दिवस गुरुजी गाडी चालवत होते आणि आत हे चक्र चालू होतं.

गाडी आधी सांगत असते

गाडी अचानक बंद पडत नाही. त्याआधी ती काही खुणा दाखवते. डी मध्ये टाकल्यावर लगेच न उचलता क्षणभर थांबते. गिअर बदलताना हिसका देते. रेस वाढते, पण वेग वाढत नाही. पुढच्या बाजूनं बारीक घरघर किंवा शिटीसारखा आवाज येतो. चढावर दम टाकते. यातलं काहीही दिसलं तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

सगळ्यात सोपी तपासणी घरच्या घरी होते. रात्री गाडी उभी करताना खाली एक जुना पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बघा. स्वच्छ पाणी पडलं असेल तर ते बहुधा एसीचं आहे, काळजी नको. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. हिरवं किंवा गुलाबी, पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. आणि लालसर, चिकट असेल तर गिअरबॉक्सचं किंवा स्टीअरिंगचं तेल. जुनं झालेलं एटीएफ तपकिरीही दिसतं आणि काही कंपन्यांचं तेल मुळातच पिवळसर किंवा हिरवट असतं. त्यामुळे रंगाबरोबर डाग गाडीच्या कुठल्या भागाखाली आहे तेही पाहा. बोटावर घेऊन वास घ्या. करपल्याचा वास आला तर लगेच मिस्त्रीला बोलवा.

लागल्याबरोबर काय करायचं?

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. तेव्हाच्या मानानं आज रस्ते सुधारले आहेत हे खरं. पण मोठा रस्ता सोडून फाट्यावरून आत वळलं की काळ्या मातीच्या वाटा, पावसात पडलेल्या चाकोऱ्या आणि मधोमध वर आलेला धोंडा, हे चित्र हिंगोलीपासून वसमतपर्यंत सगळीकडे आहे. ट्रॅक्टर उंच, त्याला काही होत नाही. त्याच चाकोरीतून कार गेली की तिचं पोट घासतं.

गतिरोधकांचंही तसंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असायला हवा. म्हणजे गाडी त्यावरून हळूच चढते आणि उतरते. पण गावोगावी लोकांनी स्वतःच केलेले गतिरोधक अरुंद आणि उंच असतात. गाडीत पाच माणसं आणि डिकीत हळदीची दोन पोती असली की गाडी आधीच खाली बसलेली असते. मग ती घासल्याशिवाय राहत नाही. अशा जागी तिरपी चाल धरा, माणसं उतरवा, वेळ लागला तरी चालेल.

तरीही लागलंच, तर पुढच्या सुरक्षित जागी गाडी थांबवा. खाली वाकून पाहा. मोबाइलची बॅटरी लावा, फोटो घ्या आणि मिस्त्रीला पाठवा. धार लागली असेल किंवा थेंब पडत असतील तर इंजिन बंद करा. आपल्याकडे डिझेलच्या टाकीला साबण घासून गळती थांबवायची जुनी युक्ती आहे. चेंबरवर एम-सील लावून वेळ मारून नेणारेही आहेत. पण गिअरबॉक्सचं तेल गरम असतं. गाडी नेहमीसारखी चालली की ते नव्वद अंशांच्या आसपास जातं. तिथं साबण टिकत नाही. आणि गळती बाहेरून थांबली तरी आत फिल्टर दबला असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

आता तो ट्रॅक्टरचा दोर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असलं की पंप बंद, पंप बंद की वंगण बंद. अशी गाडी दोर बांधून ओढली की चाकं गिअरबॉक्सचे आतले भाग फिरवतात आणि ते कोरडे फिरतात. गिअर न्यूट्रलला ठेवला तरी वंगण मिळत नाही. काही कंपन्या कमी वेगानं थोडं अंतर ओढायची परवानगी देतात, ते त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. नाहीतर गाडी पूर्ण उचलून नेणारी गाडी मागवावी. तेही जमत नसेल तर निदान ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती चाकं जमिनीवरून उचलून न्यावी. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी मात्र पूर्णच उचलावी लागते. आणि धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, त्यासाठी चार माणसं गोळा करू नका.

गुरुजींची गाडी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून आणली. भाड्याचे पैसे गेले, पण गिअरबॉक्स कोरडा फिरला नाही.

चेंबर बदलताना

आता हे काम कसं चालतं ते सांगतो. ते घरी करावं म्हणून नाही, तर आपल्या गाडीवर काय चाललं आहे ते तुम्हाला कळावं म्हणून.

पहिली गोष्ट जिवाची. नुसत्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कधीही शिरू नका. आपल्या काळ्या मातीत जॅक खचतो, तिरका होतो. दगड-विटांचा थर लावून भागवू नका, विटा फुटतात. सपाट पक्की जमीन, चाकांना अडण आणि चांगले स्टँड लागतातच. नाहीतर रॅम्प असलेल्या गॅरेजमध्ये जा.

दुसरी गोष्ट, योग्य सुटा भाग. चेसिस नंबर देऊनच चेंबर, गॅस्केट आणि फिल्टर मागवावे. गुरुजींच्या गाडीचं चेंबर हिंगोलीत नव्हतंच, नांदेडलाही मिळालं नाही. एका दुकानदारानं ‘हे बसतंय’ म्हणून दुसरं दाखवलं. बोल्टची भोकं जुळत होती. पण मी खोली मोजली तर ते थोडं उथळ होतं. ते बसवलं असतं तर फिल्टरचं तोंड पुन्हा तळाशी टेकलं असतं. म्हणजे नवं चेंबर लावून जुनाच रोग. शेवटी पुण्याहून कुरिअरनं मागवलं. पाच दिवस गेले. गुरुजींचा रोज फोन यायचा, ‘अरे, आलं का?’ पण बरोबर भागासाठी पाच दिवस थांबणं परवडतं.

दबलेलं चेंबर ठोकून सरळ करता येतं का, असं बरेच जण विचारतात. पत्र्याचं असेल आणि खड्डा किरकोळ असेल तर काढून, साफ करून सरळ करता येतं. पण ज्या कडेवर गॅस्केट बसतं ती कड अगदी सपाट राहायला हवी. वेल्डिंगच्या उष्णतेनं कड वाकते आणि गळती कायमची मागे लागते. ॲल्युमिनियमला तडा गेला असेल तर ठोकाठोकी करूच नये. ज्या गाड्यांत प्लॅस्टिकचं चेंबर असतं त्यात पुष्कळदा फिल्टरही त्याच्यातच जोडलेला असतो. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे सहा आणि आठ गिअरचे कितीतरी गिअरबॉक्स असेच आहेत. तिथं सगळं चेंबरच बदलावं लागतं.

मग तेल काढायचं. इंजिन गार होऊ द्यावं, कोमट तेल काढावं. उकळतं तेल हातावर पडलं तर मोठा चटका बसतो. आणि एक चांगली सवय म्हणजे, तेल भरायची झाकणी उघडते का ते आधी बघायचं. नाहीतर तेल खाली गेलं आणि वरचा नट गंजून बसला, तर गाडी तिथंच अडकून पडते.

निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजायचं. ही गोष्ट फार महत्त्वाची. गळती नसेल तर जेवढं निघालं तेवढंच आत जाणार. गळती असेल तर पुस्तकातलं माप आणि निघालेलं तेल यांतला फरक सांगतो, की गाडी किती कमी तेलावर चालली होती. गुरुजींच्या गाडीतून जेवढं निघायला हवं त्यापेक्षा सव्वा लिटर कमी निघालं.

चेंबरचे बोल्ट सगळे एकदम काढत नाहीत. एका कोपऱ्याचे ढिले करून तो कोपरा हळू खाली घ्यायचा, उरलेलं तेल परातीत येऊ द्यायचं, मग बाकीचे काढायचे. चेंबर खाली आलं की पहिली नजर चुंबकावर. त्यावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. पण बोटाला टोचतील असे लोखंडाचे कण, पितळी चमक किंवा काळ्या चकत्यांचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स आतून खराब होत आला आहे. अशा वेळी मालकाला बोलावून, चेंबर समोर धरून दाखवावं. मी तसं करतो. गिऱ्हाइकानंही ते बघायला मागावं, त्यात संकोच कसला?

जुनं गॅस्केट खरवडताना लोखंडी पातं वापरत नाहीत. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, त्यावर ओरखडा पडला की तिथून तेल झिरपतं. आत पुसायला सुताचे धागे सुटणारी चिंधी चालत नाही, कारण आतल्या व्हॉल्व्हच्या वाटा फार बारीक असतात. कंपनीनं सांगितलं नसेल तर वरून सिलिकॉनचा लेप भरू नये. त्याचा सुटलेला तुकडा थेट फिल्टरवर जाऊन बसतो.

नवं चेंबर बसवताना चुंबक पुसून पुन्हा जागेवर ठेवायचे. बोल्ट आधी सगळे हातानं फिरवायचे, मग आमनेसामनेचे थोडे थोडे आवळत जायचं. हे बोल्ट लहान असतात. बऱ्याच गाड्यांत त्यांचा ताण दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि नेमका आकडा पुस्तकात दिलेला असतो. चाकाच्या नटाला लागतो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा हा जोर. ‘आणखी जरा आवळ’ म्हटलं की आटे मोडतात किंवा गॅस्केट पिळून बाहेर येतं. म्हणून टॉर्क रेंच वापरायचा, दंडाची ताकद नाही.

तेल किती आणि कुठलं?

चेंबर उतरवल्यावर सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या वाटांमध्ये बरंच राहतं. पुष्कळ गाड्यांत एका वेळी एकूण तेलाचं निम्मंसुद्धा बाहेर येत नाही. तेल करपलं असेल तर काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा बदलतात. त्यामुळे पुस्तकात ‘एकूण तेल’ म्हणून दिलेला आकडा बघून तेवढं सगळं एकदम ओतायचं नसतं. जादा झालं तर फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. कमी तेलानं जो त्रास होतो तोच जादा तेलानंही होतो.

पातळी बघायची पद्धत कंपनीगणिक वेगळी. पुष्कळ गाड्यांत सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवायचे आणि ठरलेल्या तापमानाला पट्टी बघायची. काहींत इंजिन बंद करून बघतात. काहींत पट्टीच नसते. खालचा एक नट उघडून, तेल ठरावीक ऊब धरल्यावर तिथून बारीक धार येते का ते पाहायचं. तेल तापलं की फुगतं, म्हणून थंड आणि गरम पातळीत फरक पडतो.

तेलाच्या नावाबाबत काटेकोर राहा. सीव्हीटी गाड्यांत गिअरऐवजी पोलादी पट्टा असतो आणि त्याला त्याचंच तेल लागतं. साधं लाल तेल टाकलं तर पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्स खराब होतो. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांत एएमटी आली. तिचा गिअरबॉक्स मुळात साधाच. क्लच आणि गिअर हलवायचं काम यंत्र करतं. त्यात साधं गिअर ऑइल पडतं आणि मी आज सांगतोय तसं चेंबर तिला नसतं. दोन क्लचच्या गाड्या आणखी वेगळ्या. म्हणून ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्यावर थांबू नका, कुठल्या जातीची ऑटोमॅटिक ते गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा.

‘पण आमच्या पुस्तकात तर तेल आयुष्यभर चालतं असं लिहिलंय,’ हे मी पुष्कळदा ऐकतो. कुणाच्या आयुष्यभर, हा प्रश्न विचारा. काही गाडीवाल्या कंपन्या तसं लिहितात. पण ज्या झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स त्यांच्यातल्या काहींच्या गाड्यांत असतात, ती कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणून सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, धूळ असते, गाडी भरून चालवतो. म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेताना गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, ते बिलासकट विचारा.

जुन्या तेलाचं काय?

निघालेलं तेल नाल्यात, विहिरीच्या कडेला किंवा बांधावर ओतू नका. वापरलेलं तेल २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. आपल्या भागात माघ-फाल्गुनात अंगणोअंगणी शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या हळदीशेजारी गाडी खोलून बसू नका आणि तेलाचा डबा धुऊन दुसऱ्या कामाला घेऊ नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, परवाना असलेल्या तेल गोळा करणाऱ्याकडे जाईल असं गॅरेजमध्येच द्या.

गुरुजींची गाडी

गुरुजींच्या चेंबरमध्ये चुंबकावर राखाडी लेप होता, त्यात थोडे काळे कण होते. टोचणारं लोखंड नव्हतं. मी त्यांना चेंबर समोर धरून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं, पहिलीतल्या पोराची पाटी तपासावी तसं.

मी म्हणालो, ‘गुरुजी, वाचली म्हणायला हरकत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थोडा हिसका राहील. चकत्या जराशा करपल्यात. ते मला भरून काढता येणार नाही.’

‘धोंडा लागला त्याच दिवशी आणली असती तर?’

मी खरं तेच सांगितलं, ‘तर बहुधा चेंबर आणि फिल्टरवरच भागलं असतं.’

ते काही बोलले नाहीत. बिल दिलं, पावती घडी करून खिशात ठेवली. पंधरा दिवसांनी तेल दुसऱ्यांदा बदललं, हिसका थोडा कमी झाला, पण गेला नाही. अजून गाडी चालते. महिन्याला नांदेडची फेरी होते. मात्र आता शेताच्या वाटेला ते गाडी नेत नाहीत. फाट्यावर लावतात आणि पुढं काठी टेकत चालत जातात. आणि परत निघायच्या आधी, गुडघा दुखत असला तरी एकदा खाली वाकून बघतात.

श्रोतेहो, तुम्हीही तेवढं करा. खाली आवाज झाला तर थांबा, वाका, बघा. थेंब दिसला तर इंजिन बंद करा. दोर बांधू नका. आणि चेंबर बदलताना बरोबर भाग, बरोबर तेल, बरोबर माप या तीन गोष्टींचा आग्रह धरा. एवढं केलंत तर हजारांत भागणारं काम लाखांवर जाणार नाही.